सिगारेट सोडून व्हेपवर यायचंय? आणि आल्यावरही तलफ पिच्छा सोडत नाही त्याचं काय करायचं (यूकेतल्या आपल्या लोकांसाठी)

आधीच सांगतो, हे यूकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितोय. भारतात व्हेप म्हणजे ई-सिगारेट हा विषयच येत नाही, २०१९ च्या सप्टेंबरात वटहुकूम आला आणि त्याच वर्षी कायदा झाला, ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवून ठेवणं, जाहिरात करणं सगळं बंद. विकताना किंवा आणताना पहिल्यांदा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड नाहीतर दोन्ही. तिकडे चोरून मिळतो हे मलाही माहितीये, पण त्यात काय भरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, त्यामुळे भारतात असाल तर खाली निकोटिनच्या गमचं (सिगारेटऐवजी चघळायचा तो) लिहिलंय तेवढं वाचा आणि बाकीचं सोडा. आणि जो मुळात ओढतच नाही त्याने यातलं काही करून बघायचं काहीएक कारण नाही, व्हेप ही ओढणाऱ्याची सुटका आहे, न ओढणाऱ्याचा छंद नाही.

आता माझं. चाकणला कंपनीत होतो तेव्हा लागली, नाइट शिफ्ट, गेटबाहेर टपरी, पहाटे साडेतीनचा चहा आणि त्याबरोबर एक सुट्टी सिगारेट. अठरा वर्षं ओढली. कॉव्हेंट्रीला आलो तर इथे सुट्टी हा प्रकारच नाही, वीसचंच पाकीट घ्यावं लागतं, दहाचं पाकीट २०१७ पासून बंद, आणि घरात पाकीट आहे म्हटल्यावर ते संपतंच. दिवसाला पंधरावर आलो. पाकीट पंधरा-सोळा पौंडांच्या पुढे गेलंय हल्ली, महिन्याचा हिशोब मी कधी केला नाही कारण करायची भीती वाटायची.

व्हेप दोनदा करून बघितला आणि दोनदा फसलो, तिसऱ्यांदा जमलं. का फसलो ते सांगतो कारण माझ्या ओळखीतले बहुतेक जण नेमके तिथेच फसतात. आपल्याला लाज वाटत असते, की आपण व्यसन सोडायला निघालोय आणि परत निकोटिनच विकत घेतोय, म्हणून आपण दुकानात जाऊन सगळ्यात कमी स्ट्रेंग्थचं लिक्विड मागतो. मी ३ मिलिग्रॅमचं घेतलं होतं. दिवसाला पंधरा ओढणाऱ्याला ३ म्हणजे भुकेल्याला दोन चुरमुरे. मग काय, दुपारपर्यंत व्हेप ओढायचा आणि चार वाजता मागच्या गेटला जाऊन सिगारेट. तीन महिने दोन्ही चालू होतं आणि मी सगळ्यांना सांगत होतो की मी सोडतोय.

आधी डोक्यात बसवायचं ते

व्यसन निकोटिनने लागतं पण माणूस मरतो तो धुराने. तंबाखू जळली की टार आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतं, कॅन्सर, हार्ट, फुप्फुसं हे सगळं मुख्यतः त्यातून. व्हेपमध्ये काही जळत नाही, लिक्विड तापून त्याची वाफ होते. इथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ च्या अहवालात म्हटलं होतं की व्हेपचं दीर्घकाळचं नुकसान सिगारेटच्या पाच टक्क्यांपलीकडे जाण्याची शक्यता कमी आहे. याचा अर्थ निरुपद्रवी आहे असा नाही, चाळीस वर्षं व्हेप ओढलेला माणूस अजून जगात कुणी तपासलेलाच नाही, कारण आजचा व्हेप ज्यावरून आला ते मशीनच चीनमध्ये २००३ च्या सुमारास निघालं. पण तुलना ताज्या हवेशी करायची नाही, तुमच्या खिशातल्या पाकिटाशी करायची.

लोक २०१९ ची अमेरिकेतली प्रकरणं काढतात, फुप्फुसं निकामी होऊन ६८ माणसं गेली होती त्यात. ते खरं आहे, पण त्यात मुख्य दोषी निघालं ते गांजाच्या अर्काच्या बेकायदा कार्ट्रिजमधलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट, आणि ते इथल्या कायदेशीर लिक्विडमध्ये चालत नाही. म्हणूनच सांगतो, ओळखीच्याच्या ओळखीकडून स्वस्तात मिळालं म्हणून काही घेऊ नका.

दुसरं म्हणजे अर्धं-अर्धं हा प्रकार फारसा कामाचा नाही. आपल्याला वाटतं पंधराच्या दोनवर आलो म्हणजे धोकाही तेवढाच खाली आला, पण हृदयाचं गणित तसं चालत नाही. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याला हार्टचा जो जास्तीचा धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या साधारण निम्मा भरतो, विसावा हिस्सा नाही. त्यामुळे बदलायचं तर पूर्ण बदलायचं, शेवटची एक जी 'फक्त जेवणानंतरची' असते ना, तीसुद्धा.

मशीन

एकदा वापरून फेकायचे ते रंगीत डिस्पोजेबल १ जून २०२५ पासून इथे बंद झालेत, आणि बरंच झालं, त्यांनी पोरं जास्त बिघडवली. आता दोन पर्याय उरतात. एक, प्रीफिल्ड पॉड, म्हणजे बॅटरी तुमची आणि लिक्विड भरलेला पॉड (छोटी टाकी) विकत घेऊन खटकन बसवायचा. दुसरा रिफिलेबल पॉड किट, त्यात बाटलीतून लिक्विड स्वतः भरायचं. पहिले दोन आठवडे प्रीफिल्ड वापरा असं मी सांगेन, कारण त्या दिवसांत डोकं ठिकाणावर नसतं आणि कॉइल (लिक्विड तापवणारा छोटा भाग) कुठे बसते हे शोधत बसायची ताकद नसते. नंतर रिफिलेबलवर या, बरंच स्वस्त पडतं.

घेताना दुकानदाराला एवढंच सांगा, सिगारेटसारखा झुरका हवा, म्हणजे आधी तोंडात मग छातीत. त्यासाठी कॉइल ०.८ ते १.२ ओहमची लागते. ती ढगच्या ढग सोडणारी मोठी मशीनं आता नकोत, त्यात वाफ थेट छातीत ओढायची असते आणि नव्या माणसाला नुसता ठसका लागतो. माझा दुसरा प्रयत्न तसाच गेला, साठ पौंडांचं मशीन, किचनमध्ये इतका ढग की बायको म्हणाली, "धूप घातल्यासारखं झालंय, आरती तेवढी म्हण आता."

पैसे घालवायचे नसतील तर आधी तुमच्या कौन्सिलच्या स्टॉप स्मोकिंग सर्व्हिसला फोन करा. 'स्वॅप टू स्टॉप' नावाची योजना सरकारने २०२३ मध्ये जाहीर केली, बऱ्याच ठिकाणी स्टार्टर किट फुकट मिळतं आणि सोबत सल्लागारही. तिथे एक छोटं मशीन असतं, त्यात श्वास रोखून मग फुंकायचं, कार्बन मोनॉक्साइड किती ते दिसतं. दहाच्या खाली आला तर न ओढणाऱ्यांत धरतात. माझा पहिला आकडा २३ आला होता. तीन आठवड्यांनी २. आकडा बघितल्यावर जे वाटलं ते कुठल्या भाषणाने वाटलं नसतं, कारण व्हेप तर मी दिवसभर ओढत होतो, तरी २.

लिक्विड

इथे कायद्याने जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम प्रति मिली, त्याच्या वर नाही. निकोटिनची बाटली १० मिलीची आणि टाकी २ मिलीची. दुकानात ५०-१०० मिलीच्या मोठ्या बाटल्या दिसतात त्यात निकोटिन नसतंच, त्यात निकोटिनचा वेगळा शॉट (छोटी बाटली) ओतावा लागतो, ५० मिलीत १८ चा एक १० मिलीचा शॉट घातला की ६० मिलीला जेमतेम ३ ची स्ट्रेंग्थ येते. म्हणजे परत चुरमुरे. नव्या माणसाने तिकडे बघायचंच नाही.

बाटलीवर निक सॉल्ट (निकोटिनचा एक प्रकार) लिहिलेलं बघा, ते घशाला मऊ लागतं त्यामुळे २० सुद्धा सहज ओढता येतं. कुणाला मात्र घशात तो ठोका बसल्याशिवाय ओढल्यासारखंच वाटत नाही, मी त्यातला, अशांनी फ्रीबेस या निकोटिनच्या दुसऱ्या प्रकारातलं १२ किंवा १८ घेऊन बघावं, ते घशात चांगलं लागतं. पीजी-व्हीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन, लिक्विड मुख्यतः याचंच असतं) ५०-५०. पीजीने घसा धरतो, व्हीजीने ढग होतो, बाकी खोलात जायची गरज नाही.

स्ट्रेंग्थ किती याची सोपी खूण सांगतो. उठल्यावर पहिली सिगारेट अर्ध्या तासाच्या आत लागते का? लागत असेल तर २० ने सुरू करा, मग दिवसाला आठच का ओढत असेनात. तासाभराने वगैरे लागत असेल आणि दिवसाला पाच-सहाच असतील तर १० पुरेल. जास्त झालं तर शरीर लगेच सांगतं, डोकं जड, मळमळ, गरगरणं, उचक्या. तसं झालं की ठेवून द्या, पाणी प्या, थोड्या वेळात उतरतं. कमी झालं तर मात्र शरीर सांगत नाही, ते सरळ पेट्रोल पंपावर नेऊन पाकीट घ्यायला लावतं.

चवीचं म्हणाल तर तंबाखूची चव मागू नका. मिळत नाही ती. जळल्याशिवाय ती चव येणारच नाही, आणि तुम्ही रोज तुलना करत बसाल. मी पुदिना घेतला. गोड, कस्टर्ड वगैरे चवींनी कॉइल लवकर काळी पडते.

आणि लिक्विडची बाटली औषधाच्या कपाटात, वर. पोरांच्या हाताला लागली तर विष आहे ते, पोटात गेलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ ९९९.

पहिला दिवस

आदल्या रात्री सगळं तयार ठेवा. नवीन कॉइल असेल तर लिक्विड भरून दहा मिनिटं तसंच राहू द्या. मी घाईत भरल्या भरल्या ओढला आणि जळक्या कापसाचा असा झटका बसला की डोळ्यातून पाणी, ती चव संध्याकाळपर्यंत गेली नाही आणि कॉइल कायमची गेली. कॉइलमध्ये कापूस असतो, तो भिजला नाही तर तोच जळतो, एवढंच आहे ते. दिवा लावताना वात आधी तेलात बुडवतो की नाही, तसं.

घरातली, गाडीतली, ऑफिसच्या ड्रॉवरमधली सगळी पाकिटं बाहेर. देवघरामागे 'अडीअडचणीला' ठेवलेली एक असते, तीही. लायटर पण. देवापुढे काडेपेटी असते तेवढी पुरे.

सकाळची तलफ सगळ्यात वाईट, कारण निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं उतरतं, सात तास झोपलात की टाकी रिकामीच. त्यामुळे व्हेप चार्ज करून हाताशी ठेवा (रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका, बॅटरी आहे ती) आणि उठल्यावर दहा-बारा झुरके आधी घ्या, मग बाकीचं. 'बघू किती वेळ तग धरतो' हा पराक्रम पहिल्या महिन्यात करायचा नाही.

ओढायची पद्धत वेगळी आहे. सिगारेट आपण फटकन जोरात ओढतो. व्हेप तसा ओढला की लिक्विड तोंडात येतं नाहीतर ठसका. हळू, तीन-चार सेकंद, चहाचा घोट घेतल्यासारखा. आणि थोडा धीर धरावा लागतो, सिगारेटचं निकोटिन दहा-वीस सेकंदांत डोक्यात पोचतं, व्हेपचं सहसा तेवढ्या झटक्यात येत नाही. दोन झुरके मारून 'काही होत नाही यार' म्हणून सोडून देणारे बरेच बघितलेत मी.

पहिले तीन-चार आठवडे अंगात जे होतं

खोकला वाढेल. घाबरू नका, बहुतेकांना होतं, काही आठवड्यांत कमी होतो. त्यापुढेही राहिला किंवा रक्त दिसलं तर मात्र जीपीकडे (इथला फॅमिली डॉक्टर) जा, व्हेपवर ढकलून बसू नका. तोंड येईल, आतून फोड, ते सिगारेट बंद झाल्यामुळे येतात. बद्धकोष्ठता, कारण सकाळची सिगारेट बऱ्याच जणांचं पोट साफ करत होती, हे कुणी उघड बोलत नाही. पाणी वाढवा, रात्री इसबगोल. आणि घसा कोरडा पडतो तो पीजीमुळे, त्यालाही पाणीच.

आता एक गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती. सिगारेटच्या धुरातल्या घटकांमुळे लिव्हर कॅफीन भराभर जाळत असतं. धूर बंद झाला की ते मंदावतं, म्हणजे तुम्ही तेवढाच चहा-कॉफी पिताय पण अंगात कॅफीन जवळजवळ दुपटीने साठतंय. मला दुसऱ्या आठवड्यात झोप येईना, छातीत धडधड, चिडचिड, मी ठरवून टाकलं की हे व्हेपचं, मला सोसत नाही, परत सिगारेटच बरी. काउंटरवरच्या फार्मासिस्ट बाईंनी विचारलं, "कॉफी किती?" पाच मग. निम्म्या करा म्हणाल्या. चार दिवसांत उतरलं सगळं. व्हेप ओढत असलात तरी हे होतं, कारण तो परिणाम धुराचा असतो, निकोटिनचा नाही. याच कारणाने काही औषधांचे डोसही बदलावे लागतात, क्लोझापीन, ओलान्झापीन, थिओफिलिन, वॉरफरिन यातलं काही घरात कुणी घेत असेल तर सिगारेट बंद करायच्या आधी डॉक्टरला सांगा, नंतर नाही. गरोदर असाल किंवा हार्टचा त्रास असेल तर आधी मिडवाइफशी किंवा जीपीशी बोला.

आता खरी गोष्ट, उरलेली तलफ

निकोटिन पुरेसं चाललंय, व्हेप खिशात आहे, महिना उलटला, तरी मधेच एकदम सिगारेट हवी. व्हेप नको, सिगारेटच. इथे माणूस स्वतःला कमजोर समजायला लागतो. त्यामागे साधी कारणं आहेत.

एक तर तंबाखूच्या धुरात निकोटिनशिवाय आणखी पदार्थ असतात जे मेंदूतलं एक एन्झाइम दाबून धरतात, त्यामुळे निकोटिनची मजा जास्त लागते. व्हेपमध्ये ते नाहीत. म्हणजे थोडं कमी पडल्यासारखं वाटतं ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत, खरंच थोडं कमी असतं. काही आठवड्यांत मेंदू सरावतो. तोवर कमी पडत असेल तर निकोटिनचा पॅच लावा, सकाळी दंडावर पॅच आणि वर तलफेला व्हेप, दोन्ही एकत्र चालतं, फक्त सल्लागाराला विचारून ताकद ठरवा. मी सहा आठवडे लावला होता, दुपारी चारची ती गेटची ओढ त्यानेच गेली.

दुसरं कारण जास्त गमतीशीर आहे. सिगारेट संपते. दहा-बारा झुरके, थोटूक पायाखाली चिरडलं, संपलं, चला कामाला. व्हेप संपतच नाही. त्यामुळे एकतर माणूस दिवसभर चिमटे काढल्यासारखा एक-एक झुरका घेत बसतो आणि समाधान कधी होतच नाही, नाहीतर मन त्या 'संपलं'ची वाट बघत राहतं. यावर मी केलं ते असं, व्हेप घ्यायचा तर उठून बाहेर जायचं, दहा झुरके मोजायचे, बटण दाबून मशीन बंद करायचं, खिशात. बटण नसेल तर पॉड काढून ठेवा. पहिल्या आठवड्यात वेड्यासारखं वाटलं, नंतर तेच थोटूक चिरडल्यासारखं झालं.

आणि तिसरं म्हणजे चहा. आपल्या लोकांचं अर्धं व्यसन चहाला चिकटलेलं असतं. मी रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभा राहायचो, थंडीत, पावसात, जॅकेट घालून. व्हेप आला तरी पाय तिकडेच जायचे आणि तिथे उभं राहिलं की हात खिशात पाकीट शोधायचा. बायको एक दिवस म्हणाली, "बाहेर कशाला जातोस आता, चहा इथे बसून पी की." एवढं साधं होतं. जागा बदलली, कप बदलला, उभ्याचं बसून झालं. चहा आधी पूर्ण संपवायचा, मग पंधरा मिनिटांनी बाहेर जाऊन व्हेप, दोन्ही एकत्र कधीच नाही. ती गाठ सुटायला दोनेक महिने लागले पण सुटली. तुमची गाठ वेगळी असेल, कुणाची जेवणानंतरची, कुणाची गाडीत चावी फिरवल्यावरची, कुणाची आईला फोन केल्यावरची. चार दिवस फोनच्या नोट्समध्ये फक्त वेळ आणि काय करत होतो एवढं लिहा, तुमची दिसेल तुम्हाला. मग त्या एका वेळेचं काहीतरी एक बदला, सगळ्या वेळांच्या मागे एकदम लागू नका.

तलफ आली की ती सहसा चार-पाच मिनिटांत ओसरते, मग आपण काहीही करो. तेवढा वेळ तोंडाला आणि हाताला काहीतरी द्यायचं. लवंग, बडीशेप, शेंगदाणे सोलत बसणं, भांडी घासणं (घरात लोकप्रियताही वाढते). सुपारी मात्र नको, ती स्वतःच कॅन्सर करते, तंबाखू नसली तरी. आणि लेस्टरला-हॅरोला पानाच्या दुकानात काय काय मिळतं ते मला माहितीये, सिगारेट सोडून मावा धरलेला माणूस माझ्या ओळखीत आहे, त्याने काय मिळवलं ते त्यालाच माहीत.

पिणाऱ्यांसाठी, पहिला महिना पबला शक्यतो नाहीच. गेलात तर आतच बसा. इंग्लंडमध्ये २००७ पासून आत सिगारेट बंद आहे, म्हणजे ओढणारे बाहेरच असणार, 'चल जरा पाय मोकळे करू' म्हणून कुणी उठलं की तुम्ही उठायचं नाही. माझ्या तीन घसरणी झाल्या, तिन्ही पबच्या दाराबाहेर.

घसरलात तर ते पाकीट घरी आणायचं नाही, एवढा एकच नियम. एक ओढली, संपली, दुसऱ्या दिवशी सकाळी परत व्हेप, आणि स्ट्रेंग्थ कमी पडत होती का ते बघायचं. दहापैकी सात वेळा तेच निघतं. नाहीतर कॉइल मेलेली असते, आठवडा-दोन आठवड्यांनी बदलावीच लागते, आणि आपण तिच्या जळक्या चवीचा राग व्हेपवर काढत असतो. खिशात एक जादा पॉड आणि चार्ज असलेली बॅटरी, नेहमी. रात्री अकराला बॅटरी मेली की उघडं असतं ते फक्त पेट्रोल पंपाचं दुकान, आणि तिथे पाकिटं काउंटरच्या मागेच असतात.

कमी कधी करायचं

घाई नाही. निदान तीन महिने एकही सिगारेट नसेल आणि तिची आठवणही क्वचित येत असेल तर सुरू करा. २० चं १०, मग ६, मग ३, प्रत्येक पायरीवर महिना-दोन महिने. खाली उतरल्यावर झुरके दुप्पट होतायत असं दिसलं तर शरीर भरपाई करतंय, थोडं थांबा. एका वेळी एकच गोष्ट, एकतर स्ट्रेंग्थ उतरवा नाहीतर वेळा कमी करा. आणि उतरताना सिगारेट डोकं वर काढायला लागली तर निमूटपणे एक पायरी परत वर जा, त्यात लाज नाही. १ ऑक्टोबर २०२६ पासून १० मिलीच्या बाटलीवर २ पौंड २० पेन्स ड्युटी लागू करायचं ठरलंय, त्यामुळे कमी करायला तेवढं एक निमित्त, तरी सिगारेटच्या तुलनेत स्वस्तच. ज्यांना व्हेप जमतच नाही त्यांनी जीपीला सिटिसिन किंवा व्हरेनिक्लिनच्या गोळ्यांबद्दल विचारावं, यूकेत दोन्ही मिळतात.

जुनं मशीन आणि बॅटरी कचऱ्यात टाकू नका, कचऱ्याच्या गाड्यांना आगी लागतात त्याने. विकणाऱ्या दुकानाला जुनं परत घ्यावंच लागतं, देऊन टाका.

भारतात जाताना

सगळ्यात जास्त लोक इथे पडतात. सहा महिने व्यवस्थित जातात आणि मग तीन आठवड्यांच्या सुट्टीत सगळं पाण्यात. व्हेप घेऊन जाऊ नका, आयातीला बंदी आहे, 'स्वतःपुरता आहे' म्हणून कस्टमवाल्याशी वाद घालायची ती जागा नाही. वाटेत सिंगापूर किंवा थायलंडला उतरणार असाल तर तिथेही बंदी आहे आणि तिथले लोक फार कडक. त्यामुळे तीन आठवड्यांपुरते पॅच आणि गम इथूनच घेऊन जा, आणि जायच्या आधी चार-पाच दिवस घरीच सराव करा, विमानात पहिल्यांदा चघळून बघू नका. पहिली सिगारेट उठल्यावर अर्ध्या तासात लागायची असेल तर गम ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा. तिकडे संपला तर मेडिकलमध्ये निकोटिनचा गम मिळतो, आणि सोडण्यासाठी सरकारी फोन लाइन आहे, १८००-११-२३५६, टोल फ्री. भारतात राहणाऱ्यांनाही हाच रस्ता.

गम हा च्युइंगमसारखा चावायचा नसतो हे नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं (आकडा माझ्या मनाचा). सात-आठ वेळा हळू चावायचा, तिखट झिणझिण्या आल्या की गालाच्या आत दाबून ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की परत थोडा चावायचा, असं अर्धा तास. निकोटिन गालातून जातं, पोटातून नाही, भराभर चावून गिळलात तर नुसती उचकी आणि जळजळ.

गेल्या डिसेंबरला चाकणला गेलो, तीच टपरी, फक्त पत्रा नवीन. महाराष्ट्रात सुट्ट्या सिगारेटच्या विक्रीवर २०२० पासून बंदी आहे, पण बरणीशेजारी पाकीट उघडंच होतं. जुना मित्र, त्याने न विचारता दोन काढल्या, "घे की लेका, किती वर्षांनी आलायस." मी म्हटलं, नको रे, सोडली. "सोडली म्हणजे? तू?" मग पाच मिनिटं माझीच टिंगल. माझ्या गालात गम होता आणि हातात चहा, आणि गमचं काही लागेचना, नुसता रबर चघळल्यासारखं. तेव्हा आठवलं, चहा-कॉफी, कोल्ड्रिंक यानंतर तोंडात आंबटपणा राहतो आणि निकोटिन गालातून नीट जातच नाही, आधी पंधरा मिनिटं काही प्यायचं नाही असं पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं. चहा सोडायचा की गम, असा प्रश्न टपरीवर उभं राहून पडला. गम कागदात गुंडाळून खिशात टाकला, चहा प्यायलो, खळखळून चूळ भरली, पंधरा मिनिटं त्याच्या पोराच्या अ‍ॅडमिशनचं ऐकलं आणि मग नवीन काढला. दुसऱ्या दिवसापासून चहाच्या आधीच घरून चघळून निघायचो.